वजन हळूहळू उतरवताना आवडीचं खाणं कसं टिकवता?

मेथीची जुडी:

नमस्कार मंडळी,
वजनावर आपल्याकडे बोलणं निघालं की दुसऱ्या मिनिटाला दीक्षित डाएट की दिवेकर डाएट सुरू होतं आणि तिसऱ्या मिनिटाला कोणी काय काय बंद केलंय त्याची यादी. भात बंद, साखर बंद, बटाटा बंद, रात्रीचं जेवण बंद. मला जरा वेगळं बोलायचंय म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं असं आहे की जे आपल्याला मनापासून आवडतं त्याने वजन फारसं वाढतच नाही, कारण ते आपण रोज खातच नाही. पुरणपोळी वर्षातून किती वेळा होते हो घरात? होळीला, पोळ्याला, गौरीला, झालं. हापूस दीड-दोन महिने. उकडीचे मोदक गणपतीत आणि फार तर एखाद्या अंगारकीला. वजन वाढतं ते रोजच्या त्या खाण्याने, जे संध्याकाळी कोणी विचारलं तर आठवतसुद्धा नाही. चहाबरोबर हाताला लागली म्हणून बिस्किटं, टीव्हीसमोर डब्यातून थेट फरसाण, पातेल्यात उरलेला डावभर भात "आता कशाला ठेवायचा" म्हणून ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवलेला, ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाचा तो क्रीमचा केक जो निम्म्या लोकांना आवडत नाही तरी प्लेट हातात आली की खाल्ला जातो.

आता हिशोब बघा. साधं ग्लुकोज बिस्किट एक म्हणजे साधारण २५ कॅलरी, चार खाल्ली की १००. साखरेचा चमचा ५ ग्रॅमचा धरला तर २० कॅलरी, कपात दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे १६०, आणि ही ४० ग्रॅम साखर झाली, जागतिक आरोग्य संघटना तर वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम म्हणते. मूठभर फरसाण दीडशेच्या घरात. म्हणजे ४०० च्या वर कॅलरी गेल्या आणि त्यात "वा!" म्हणावं असा एक घास नाही. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोजच्या खाण्यातून ३०० काढल्या तर कागदावर महिन्याला सव्वा किलोच्या आसपास जातं, प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण वजन उतरतं तशी शरीराची गरजही उतरते. तरी वर्षभराचा विचार केला तर काय वाईट आहे?

म्हणून मी कात्री तिथेच लावलीय. सकाळचा पहिला चहा मी पूर्ण साखरेचा, आलं आणि गवती चहा घालून, बाल्कनीत निवांत बसून पिते, त्याला कोणी हात लावायचा नाही. बाकीचे कप अर्धे आणि साखर नावापुरती. बिस्किटांचा पुडा घरात आणणंच बंद. तेल बरणीतून ओतायचं नाही, चमच्याने घालायचं. आणि मे महिन्यात ज्या दिवशी रस केला त्या दिवशी रस-पोळीच जेवले, वर साजूक तूप घालून, पण त्या दिवशी भात नाही, पुऱ्या नाहीत, बटाट्याची भाजी नाही, भजी नाहीत. रस केलाय ना, मग रसच जेवायचा. कपडे सैल होतायत, काटाही सावकाश खाली येतोय आणि घरात कोणाला माझं डाएट चाललंय असं वाटतसुद्धा नाही, मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

तुम्ही काय करता? काय सोडलंत आणि काय अजिबात सोडणार नाही? सणावारांचं तर नक्की सांगा, श्रावण सुरू आहे आणि पाठोपाठ गणपती.

टेकडीवाला:

छान धागा. तेलाबद्दल एक भर घालतो, कारण तिथे सगळ्यात जास्त वाव आहे आणि सोडावं काहीच लागत नाही. आपण रोज किती तेल खातो हे कोणाला विचारलं तर सांगता येत नाही, पण घरात महिन्याला किती पिशव्या लागतात ते बरोबर सांगता येतं. माणशी महिन्याला लिटर लागत असेल तर ते रोजचं ३० ग्रॅम झालं, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. हेच माणशी पाऊण लिटरवर आणलं तर रोजच्या ६०-७० कॅलरी कमी झाल्या, भाजीची चव तीच राहते, फोडणी तीच राहते. आमच्याकडे लोखंडी कढई वापरात आणली, मोहरी तडतडेल एवढंच तेल आणि वर झाकणात पाणी ठेवून भाजी वाफेवर. कोरडी भेंडी तेवढी जरा तेल मागते, ती मागू दे.

चालण्याबद्दलही बोलतो. सत्तर किलोच्या माणसाने एक किलोमीटर चाललं तर ५० कॅलरीच्या आसपास खर्च होतात, म्हणजे हनुमान टेकडीवर जाऊन आलं आणि खाली येऊन एक वडापाव खाल्ला की हिशोब उलटाच होतो. म्हणून चालणं आणि खाणं यांची वजाबाकी मी करतच नाही. टेकडीवर मी जातो कारण मला जायला आवडतं. पावसाळ्यात वेताळ टेकडीवर सकाळी सव्वासहाला धुकं असतं, मोर ओरडत असतात, नेहमीची चार मंडळी भेटतात, दिवस चांगला जातो आणि रात्री झोप चांगली लागते. झोप नीट झाली की दुसऱ्या दिवशी चार वाजता येणारी ती खा-खा येत नाही, हा फायदा मला कॅलरींपेक्षा मोठा वाटतो.

मोजकंच:

ताई, मुद्दा पटला पण पूर्ण नाही. मी दीक्षित सरांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच जेवतो, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. मला ते जमलंय आणि का जमलंय ते सांगतो. तुम्ही म्हणता तसं "थोडं थोडं" खायचं तर दिवसभर निर्णय घेत बसावं लागतं. हे खाऊ का, किती खाऊ, आता एक घेतलं तर संध्याकाळचं काय. माझ्यासारख्या माणसाला डबा उघडला की अर्ध्यावर बंद करता येत नाही. त्यापेक्षा मधल्या वेळी काहीच नाही हे सोपं पडतं, डोक्याला ताप नाही. आणि जेवणात मी सगळं खातो, गोडसुद्धा, जेवणातच. तेव्हा आनंद सोडलाय असं काही नाहीये.

मेथीची जुडी:

@मोजकंच, हे तुम्ही फार नेमकं सांगितलंत. काहींना "कमी" सोपं पडतं, काहींना "नाहीच" सोपं पडतं, आणि कोणाला काय सोपं हे ज्याचं त्याने ओळखायचं. माझा विरोध कुठल्याच पद्धतीला नाही, माझा विरोध आहे तो चार महिने काहीतरी कडक करून पाचव्या महिन्यात सगळं पूर्ववत होण्याला. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते की हे मी पुढची दहा वर्षं करेन का. तुम्ही दोन जेवणं दहा वर्षं कराल असं वाटत असेल तर तुमच्यासाठी तेच बरोबर. आणि बिस्किटांच्या बाबतीत मीही तेच केलंय की, पुडाच आणत नाही!

मांडवीकाठ:

गोव्याहून लिहितेय. इथे कोणी डाएट म्हटलं की पहिलं वाक्य भात सोड. आमच्याकडे दुपारी हुमण-शीत (माशांची नारळातली आमटी आणि भात) नसेल तर जेवलो असं वाटत नाही, मग मी भात सोडून ज्वारीची भाकरी खात बसले तर संध्याकाळपर्यंत चिडचिड आणि मग रात्री काहीही खाल्लं जाणार. मी उकड्या तांदळाचा भात खाते, पूर्वी ताटात डोंगर असायचा, आता दोन डाव, आणि मासे जास्त. बांगडे, तारले, मिळतील ते. हुमणातला नारळ कमी करणार नाही, त्याशिवाय ते हुमणच नाही. तळलेली मासळी मात्र रोज नाही, रव्यातली सुरमई फक्त रविवारी आणि ती नीट शॅलो फ्राय करून, सोबत सोलकढी.

सकाळी पोदेर (पाववाला) सायकलवर भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून मी पोई घेते, कोंडा लावलेली, गरम असते, एक पुरते. घरी मुलांना पाव, मला पोई. आणि माशांमुळे पोट जे भरलेलं राहतं ना ते संध्याकाळी सहापर्यंत काही आठवत नाही. शाकाहारी लोकांनी यासाठी काय करावं ते कोणीतरी सांगा, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला हवंय.

टेकडीवाला:

@मांडवीकाठ, शाकाहारी घरात उसळ. मटकी, मूग, चवळी, हरभरे, आणि ती चमचाभर तोंडी लावायला नाही, वाटीभर, पातळ पोळीबरोबर. शिवाय घट्ट वरण, पिठलं, दही. आमच्याकडे आता ताटाची मांडणीच उलटी केलीय, आधी उसळ आणि कोशिंबीर वाढून घ्यायची, मग उरलेल्या जागेत पोळी-भात. प्रथिनं पोटात गेली की भूक खरंच धरून राहते.

ओपीडी:

मी फिजिशियन आहे, थोडं लिहितो. धागाकर्तीचा वेग अगदी योग्य आहे. आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर उतरणारं वजन टिकायची शक्यता चांगली. फार भरभर उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात आणि पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो, असे पेशंट दर लग्नसराईनंतर बघतो.

दुसरं म्हणजे फायदा व्हायला फार उतरवावं लागत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली निष्कर्ष आले, वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य होतं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ८० किलोच्या माणसाचे ७ टक्के म्हणजे साडेपाच-सहा किलो, बस्स. आणि चेन्नईला झालेल्या आपल्याकडच्या अभ्यासात, २००६ सालच्या, वजन फारसं न उतरताही खाण्यातल्या आणि चालण्यातल्या बदलांनी हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. म्हणून काटा हलत नाही म्हणून चालणं सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो.

कंबर मोजा. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मध्ये, श्वास सोडल्यावर. आपल्या लोकांसाठी पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या आत हवी. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आपल्यासाठी २३ च्या पुढे जास्त धरतात, २५ ची परदेशी रेघ बघून निर्धास्त राहू नका.

@मोजकंच, तुमची पद्धत तुम्हाला मानवलीय, उत्तम. पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांनी परस्पर जेवणं कमी करू नयेत, साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलून डोस बदलून घ्या. उपवासालाही हेच लागू.

संत्रानगरी:

सगळं मान्य पण आग्रहाचं काय करता? मी नागपूरची, सासर अमरावतीकडचं. जेवायला बसलं की "घे गं, एवढ्याने काय होतं" सुरू, नाही म्हटलं की सासूबाईंचा चेहरा उतरतो, आणि त्यांनी सकाळपासून राबून केलेलं असतं हो, त्यांना दुखवायचं नसतं मला. मावशी, आत्या, सगळ्यांकडे हेच. लग्नात तर पंगतीत जिलबी ताटात पडलेली असते तोंड उघडायच्या आत.

कोल्हापुरी ठसका:

+१ हाच माझाही प्रश्न. आमच्याकडे तर जेवायला बोलावलं आणि पाव्हण्यानं कमी खाल्लं तर मटण जमलं नाही असं समजतात.

मेथीची जुडी:

@संत्रानगरी, यावर माझ्या आईची युक्ती सांगते, ती मधुमेही आहे आणि नातेवाईकांचा गोतावळा प्रचंड, तरी कोणी कधी दुखावलं गेलं नाही. ती पहिल्यांदा वाढतानाच सांगते, अगदी थोडं वाढा, चव बघू दे. मग जेवता जेवता स्वतःहून मागते, "वहिनी, ती भाजी परत घाला बघू जरा, काय जमलीय!" वाढणारीला काय हवं असतं? तिला दुसऱ्यांदा मागून घेतलेलं हवं असतं. पहिलं वाढप भरगच्च घेऊन दुसऱ्यांदा नाही म्हटलं की राग येतो, पहिलं चिमूटभर घेऊन दुसरं मागून घेतलं की ती खूश, आणि पोटात जातं तेवढंच, किंबहुना कमी. कौतुक मात्र खरं करायचं, काय घातलंय विचारायचं, ओल्या नारळाची की सुक्या, गूळ कुठला. खाण्याच्या प्रमाणापेक्षा या विचारपुशीनं माणसं सुखावतात, हे मी शंभर टक्के खात्रीने सांगते.

सासूबाईंच्या बाबतीत अजून एक करून बघ. त्यांच्या हातचं सगळ्यात आवडतं काय ते त्यांना सांग आणि ते पोटभर खा. "आई, मला तुमची पातोडीची भाजीच हवी, बाकी काही नको." त्यांचा मान राहिला आणि तुला खरंच आवडतं तेच मिळालं. बाकीचं आपोआप कमी होतं.

आणि पंगतीत जिलबी यायच्या आधीच ताटावर हात आडवा. मठ्ठा मागून घ्यायचा.

कोल्हापुरी ठसका:

ही दुसऱ्यांदा मागून घ्यायची आयडिया भारी आहे, या रविवारी मामाकडे वापरतो.

माझं सांगतो. मटण सोडणार नाही. रविवारी दुपारी तांबडा-पांढरा, मटण, भाकरी, हे आमच्या घरात सगळे एकत्र बसतात तो एकच वेळ आहे, दादा शिफ्टवर, वहिनी बँकेत, मी दिवसभर दुकानात. त्यामुळं ते आहे तसंच. मी फक्त तीन गोष्टी बदलल्यात. तांबड्यावरचा तवंग डावानं बाजूला सारून खालचा रस्सा घेतो, भात घेत नाही कारण भाकरी असतेच, आणि रात्री उरलेलं मटण परत जेवत नाही, ते सोमवारच्या डब्याला. पूर्वी रविवारी दोन्ही वेळा दाबून व्हायचं. शनिवारची बिअरसुद्धा एकच बाटली, मोठी ६५० मिलीची धरली तर अडीचशे-पावणेतीनशे कॅलरी असतात म्हणे, पण खरा घोळ तिच्याबरोबरच्या चकण्यात आहे, मसाला शेंगदाणे आणि तळलेले पापड. आता काकडी-गाजर कापून घेतो आणि मूठभर फुटाणे. मित्रांनी आधी हसून घेतलं, आता तेच आधी ती प्लेट ओढतात. रोज रंकाळ्याला एक चक्कर.

टेकडीवाला:

श्रावणावरून आठवलं. उपवासाने वजन उतरेल म्हणून सोमवार, शनिवार धरणाऱ्यांनी एकदा ताट बघा, एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा, भरलेली डिश ४०० च्या वर सहज जाते, वर चिवडा आणि केळ्याचे वेफर्स. आता खिचडी आवडत असेल तर खाच, मीही खातो, गरम, लिंबू पिळून, सोबत काकडीची कोशिंबीर. पण एकदाच. संध्याकाळी भगर-आमटी नाहीतर ताक आणि फळ. श्रद्धेने करत असाल तर देवाला एवढं चालतं.

पहिली पोस्ट कायमची:

(नवीन सदस्य, बरेच दिवस नुसतं वाचतेय.) मी पीजीत राहते, मेसचा डबा येतो. तेल माझ्या हातात नाही, मेनू माझ्या हातात नाही. भाजीत तेल तरंगत असतं, रोज बटाटा. काय करू? आणि रोज सकाळी वजन करते, काल दीड किलोनं वाढलं एका दिवसात, रडू आलं.

ओपीडी:

@पहिली पोस्ट कायमची, स्वागत. एका दिवसात दीड किलो चरबी वाढायला अकरा-बारा हजार कॅलरी गरजेपेक्षा जास्त खाव्या लागतील, ते शक्य नाही. ते पाणी आहे. खारट जास्त झालं, भात-पोळी एरवीपेक्षा जास्त झाली, पाळी जवळ आली, यातलं काहीही झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरातला साखरेचा साठा) साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि महिन्याच्या आकड्यांकडे बघा. वजनाच्या काट्यामुळे रडू येत असेल तर काही महिने नुसती टेप वापरा. आणि खाण्याच्या विचाराने दिवस खराब जायला लागले, खाऊन झाल्यावर अपराधी वाटायला लागलं तर कृपया कोणाशी तरी बोला, घरी, मैत्रिणीशी, समुपदेशकाशी. वजनापेक्षा ते आधी.

मांडवीकाठ:

अगं बाळा, मेसची भाजी चमच्याने वर उचलून घे, रस तिथेच राहू दे, तेल त्याच्यातच असतं. एक छोटा कुकर नाहीतर इलेक्ट्रिक केटल चालते का पीजीत? चालत असेल तर अंडी उकड. नसेल तर मोड आलेले मूग, लिंबू-मीठ मारून, दह्याचा छोटा डबा, भाजलेले चणे, एक फळ, हे सगळं न शिजवता होतं. डबा यायच्या आधी वाटीभर मूग खाल्लेस की त्या बटाट्याचं तुला फार काही करावं लागणार नाही. आणि शनिवारी मैत्रिणींबरोबर बाहेर जा, काय आवडतं ते खा, एकच डिश पण तुझ्या आवडीची. डबा महाग आहे म्हणून नावडती भाजी संपवायची जबरदस्ती स्वतःवर करू नकोस.

संत्रानगरी:

मेथी, सांगायला आले. रविवारी सासरी गेलो होतो, थोडंसं वाढून घेतलं आणि पातोडीचा रस्सा दोनदा मागितला. सासूबाईंनी मला मसाला वाटायला शेजारी बसवलं, खसखस किती, सुकं खोबरं किती भाजायचं सगळं दाखवलं. श्रीखंडाचा विषयच निघाला नाही!

आता गौरीचं बोला. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणपोळी, सोळा भाज्या, पंचवीस-तीस माणसं. तुमच्याकडे मोदकांचं काय ठरलंय?

मेथीची जुडी:

वा, किती छान वाटलं वाचून! सोळा भाज्या असतील तर तुझं काम सोपं आहे, भाज्याच खा चवीचवीने आणि एक पुरणपोळी तुपात भिजवून.

आमच्याकडे नैवेद्याचे २१ मोदक होतात, आम्ही खाणारे पाच. उकडीचा मोदक आकाराप्रमाणे दीडशे ते दोनशे कॅलरींचा धरला तर दोन-तीन मोदक म्हणजे जवळजवळ एक जेवण. म्हणून त्या दिवशी दुपारी मोदक, वरण आणि कोशिंबीर असंच जेवणार, बटाट्याची भाजी आणि पुरी करायची नाही असं यंदा नणंदेशी बोलून ठरवलंय, तिलाही पुऱ्या तळायचा कंटाळाच होता. उरलेले मोदक दुपारीच शेजारी द्यायचे, गरम असताना, रात्रीसाठी ठेवायचे नाहीत कारण गार मोदकात मजा नसते आणि तरी ते खाल्ले जातात. तांदूळपिठी आंबेमोहोराचीच घेणार, खोबरं ताजं खवून, गूळ चांगला, त्यात काटकसर नाही. सारणात वेलची घालता की जायफळ? आमच्याकडे दरवर्षी यावरून वाद होतो.

मांडवीकाठ:

आम्ही हळदीच्या पानावर पातोळ्या करतो त्या दिवसांत, त्यात वेलचीच. जायफळ पुरणाला.

कोल्हापुरी ठसका:

वेलची. मामाकडे जमलं बरं का, दोनदा मागून घेतला रस्सा, मामी खूश.